कालवड केव्हा माजावर येईल? आधीच ओळखण्याची रीत



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. लहान मुले लाकडी नंदीबैल सजवून मिरवतात आणि महालात भोसल्यांच्या वाड्याचा मोठा लाकडी बैल पाहायला लोक जमतात. ज्या बैलाचा हा मान आहे तो आपल्या भागातला गौळाऊ बैल. वर्धा, नागपूर, शिवनी, छिंदवाडा आणि बालाघाट हा या जातीचा मूळ मुलूख. अंगाने हलका, पायाने चपळ आणि डोंगराळ वाटेवर न थकणारा हा बैल मराठ्यांच्या लष्करी वाहतुकीसाठी पसंत केला गेला व त्याच गुणांसाठी पिढ्यानपिढ्या जोपासला गेला, असे सांगतात. म्हणजे ही जात घडली ती वेगासाठी आणि ओढकामासाठी. कालवडीने लवकर वयात यावे, लवकर गाभण राहावे, याकडे त्या काळी कोणी मुद्दाम लक्ष दिले नाही.

आज ट्रॅक्टरमुळे बैलाची गरज कमी झाली आहे. गाईला आता आपला खर्च दूध आणि वासरू यांवरच भागवावा लागतो. अशा वेळी कालवड चार वर्षांची होईपर्यंत वेतच देत नसेल, तर ती सांभाळणे जड जाते. मग 'वांझ निघाली' असे म्हणून तिला बाजार दाखविला जातो. प्रत्यक्षात अशा कालवडींपैकी अनेक वांझ नसतात, त्यांना फक्त उशीर झालेला असतो. चांगल्या रक्ताची मादी हातची जाते आणि तिच्या जागी घेतलेली कालवड त्याच गोठ्यात, त्याच चाऱ्यावर पुन्हा तेवढाच उशीर लावते.

कालवड केव्हा वयात येईल आणि ती गाभण राहण्यास योग्य आहे की नाही, याचा अंदाज काही महिने आधी बांधता येतो. यासाठी लागणारी पहिली साधने अगदी साधी आहेत: एक मोजपट्टी, एक वही आणि पशुवैद्यकाकडून एकदा करून घेतलेली तपासणी. या लेखात त्याची माहिती दिली आहे. उदाहरणे गौळाऊची असली तरी हीच रीत संकरित कालवडीला आणि म्हशीच्या वगारीलाही लागू पडते. मापे मात्र त्या त्या जातीची घ्यावीत.

उशीर कोठे होतो?

गाईचा गर्भकाळ सुमारे २८० ते २८५ दिवसांचा असतो. तो कमी-जास्त करणे आपल्या हाती नाही. जन्मापासून गाभण राहीपर्यंतचा काळ मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे आणि पहिल्या वेताचा बहुतेक उशीर याच काळात होतो.

कालवड वयात येणे हे वयापेक्षा वजनाशी अधिक बांधलेले आहे. सर्वसाधारणपणे पूर्ण वाढलेल्या गाईच्या वजनाच्या ५५ ते ६० टक्के वजन झाले की कालवड माजावर येऊ लागते आणि ६० ते ६५ टक्के वजनाला ती भरविण्यास योग्य समजली जाते. समजा, आपल्या गोठ्यातील मोठ्या गाईंचे सरासरी वजन ३३० किलो आहे. तर कालवड साधारण २१० किलोची झाल्यावर भरवावी.

आता हिशोब पाहा. जन्मतः वासरू २० किलोचे धरले तर २१० किलोपर्यंत १९० किलो वाढ व्हावी लागते. वाढ रोज २०० ग्रॅम असेल तर त्यासाठी ९५० दिवस, म्हणजे ३१ महिन्यांहून अधिक काळ लागतो. वाढ रोज ३०० ग्रॅम झाली तर ६३३ दिवस, म्हणजे सुमारे २१ महिने लागतात. रोजच्या केवळ १०० ग्रॅम वाढीने साडेदहा महिने वाचतात. पहिल्या बाबतीत कालवड लगेच गाभण राहिली तरी व्यायला सव्वातीन वर्षांहून अधिक काळ लागतो, तर दुसऱ्या बाबतीत ती पावणेतीन वर्षांच्या आतच वेत देऊ शकते.

रोज १०० ग्रॅमचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कालवड मोजली पाहिजे.

वयात येणे म्हणजे काय?

कालवड एका दिवसात वयात येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथींमधून बीजांडकोषाला चेतना देणारे स्राव लहानपणापासूनच थोडे थोडे पाझरत असतात. शरीरात पुरेसा साठा झाला, अंगावर थोडी चरबी आली, की मेंदूवरचा आवर सैल होतो आणि या स्रावांच्या लाटा वरचेवर येऊ लागतात. त्यामुळे बीजांडकोषावरील पुटिका, म्हणजे स्त्रीबीज असलेले पाण्याचे लहान फोड, मोठ्या होतात. त्यांच्यातून निघणाऱ्या स्रावाने गर्भाशयाची वाढ होते व त्याला ताठरपणा येतो. शेवटी एक पुटिका फुटून स्त्रीबीज बाहेर पडते आणि त्या जागी पीतपिंड तयार होतो. हा पीतपिंड म्हणजे कालवड वयात आल्याची खरी खूण होय. त्यानंतर साधारण दर २१ दिवसांनी माज येत राहतो.

उपाशी शरीर हा आवर सैल होऊ देत नाही, कारण स्वतःलाच न पुरणारे अन्न गर्भाला कोठून पुरणार? म्हणून कुपोषित कालवडीला केवळ माज येण्याची औषधे देऊन उपयोग होत नाही. एखादा माज आला तरी चक्र टिकत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिला माज हा सर्वांत फलदायी माज नसतो. अमेरिकेत १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पहिल्याच माजाला भरविलेल्या कालवडींपैकी ५७ टक्के गाभण राहिल्या, तर तिसऱ्या माजाला भरविलेल्यांपैकी ७८ टक्के गाभण राहिल्या. म्हणून पहिला माज दिसताच घाई करू नये. तो वहीत लिहून ठेवावा आणि वजन पुरेसे असेल तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या माजाला कालवड भरवावी.

परदेशातील मांसल जातींचा अनुभव

हे शास्त्र मुख्यतः अमेरिका, ऑस्ट्रेलिया, ब्राझील या देशांत मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांवर वाढले. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या आणि २०१५ पासून बैल व वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे. त्यामुळे हा हेतू आपला नाही. तरीही त्यांचा अनुभव आपल्याला उपयोगी पडतो. मांसल जातीची गाय मालकाला दूध विकून पैसे देत नाही, वर्षाला एक वासरू हेच तिचे उत्पन्न असते. पूर्वी गौळाऊ गाईकडूनही चांगला गोऱ्हा हीच मुख्य अपेक्षा असे. अशा गुरांत कालवड वेळेवर गाभण राहणे, यावरच सारा नफा-तोटा अवलंबून असतो.

दुसरे असे की, यांतील काही जाती मूळच्या आपल्याच आहेत. ब्राझीलमधील नेलोर ही आंध्रातील ओंगोल गाईपासून झाली आणि अमेरिकेत तयार झालेल्या ब्राह्मन जातीतही भारतीय गुरांचे रक्त आहे. आपली गौळाऊ ही दिसायला ओंगोलच्या जवळची, पण अंगाने हलकी जात आहे.

उत्तर ऑस्ट्रेलियात ब्राह्मन आणि दुसऱ्या एका मिश्र जातीच्या कालवडींची नियमित सोनोग्राफी करून पहिला पीतपिंड केव्हा दिसतो, याची नोंद घेण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मिश्र जातीच्या कालवडी सरासरी सुमारे ६५० दिवसांच्या वयात आणि ब्राह्मन सुमारे ७५० दिवसांच्या वयात आल्या. वजन मात्र दोन्हींचे जवळजवळ सारखेच, ३३० किलोच्या आसपास होते. यावरून दोन बोध होतात. वजन महत्त्वाचे असले तरी जातीचाही वाटा आहे, तेव्हा देशी कालवडीकडून जर्सी संकराइतक्या घाईची अपेक्षा करू नये. तसेच एकाच जातीतील कालवडींमध्ये दिसलेल्या फरकापैकी निम्म्याहून अधिक भाग आनुवंशिक आढळला. याचा अर्थ, लवकर वयात येणाऱ्या घराण्यातील कालवडी निवडून ठेवल्या तर पुढच्या पिढ्या सुधारतात.

पहिली खूण: मोजपट्टीने वजन

काटा नसला तरी वजनाचा चांगला अंदाज बांधता येतो. सकाळी चारा-पाणी देण्यापूर्वी कालवड सपाट जागेवर चारही पायांवर सरळ उभी करावी. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत मोजावा. पट्टी घट्ट आवळू नये व सैलही सोडू नये. नंतर खांद्याच्या पुढे आलेल्या हाडापासून शेपटीच्या मुळाजवळ बाहेर आलेल्या हाडापर्यंत शरीराची लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, आलेल्या संख्येला लांबीने गुणावे आणि ६६० ने भागावे. उत्तर किलोत मिळते.

उदाहरणार्थ, घेर ५६ इंच व लांबी ५० इंच असेल तर ५६ गुणिले ५६ म्हणजे ३,१३६. त्याला ५० ने गुणून १,५६,८०० आणि ६६० ने भागून सुमारे २३८ किलो. मापे सेंटीमीटरमध्ये घेतल्यास ६६० ऐवजी १०,८४० ने भागावे.

एका मापापेक्षा दोन मापांतील फरक अधिक बोलका असतो. म्हणून दर महिन्याला ठरावीक दिवशी, शक्यतो एकाच माणसाने माप घ्यावे. आपल्याच गोठ्यातील तीन-चार पूर्ण वाढलेल्या, अंगाने ठीक असलेल्या गाईंचे वजन याच रीतीने काढून त्यांची सरासरी घ्यावी. त्या सरासरीचे ६० ते ६५ टक्के हे आपले लक्ष्य. कालवडीचे आजचे वजन लक्ष्यातून वजा करावे आणि राहिलेल्या वजनाला रोजच्या वाढीने भागावे. लक्ष्य गाठण्यास किती दिवस लागतील ते कळते. समजा, कालवड १५० किलोची आहे, लक्ष्य २१० किलोचे आहे आणि वाढ रोज ३०० ग्रॅम आहे. तर ६० किलोसाठी २०० दिवस लागतील. हा झाला आपला पहिला अंदाज.

अमेरिकेतील नेब्रास्का येथील प्रयोगांत ५५ टक्क्यांच्या आसपास वजनाला भरविलेल्या मांसल कालवडींनीही समाधानकारक गर्भधारणा दाखविली आहे. परंतु त्या जाती मुळात लवकर वयात येणाऱ्या आहेत. उशिरा वयात येणाऱ्या आपल्या देशी कालवडीसाठी ६० टक्क्यांच्या खाली न जाणेच बरे. लहान अंगाच्या कालवडीला वितानाही त्रास होतो.

दुसरी खूण: पशुवैद्यकाची तपासणी

वजन लक्ष्याजवळ आले की भरविण्याच्या महिना-दीड महिना आधी पशुवैद्यकाकडून कालवडीची गर्भाशय तपासणी करून घ्यावी. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात १९९० च्या सुमारास या तपासणीसाठी १ ते ५ गुणांची पद्धत बसविण्यात आली. तिचा सारांश असा:

१ गुण: गर्भाशयाची शिंगे दोन सेंटीमीटरपेक्षा बारीक व लुळी. बीजांडकोष लहान, पुटिका हाताला लागत नाहीत. कालवड वयापासून बरीच दूर आहे.

२ गुण: शिंगे थोडी जाड, पण ताठरपणा नाही. लहान पुटिका आहेत.

३ गुण: शिंगांना थोडा ताठरपणा आला आहे, पुटिका वाढत आहेत. कालवड वयात येण्याच्या उंबरठ्यावर आहे.

४ गुण: शिंगे सुमारे तीन सेंटीमीटर जाड व ताठर, पुटिका मोठी. माज सुरू झाला आहे किंवा आता होईल.

५ गुण: बीजांडकोषावर पीतपिंड स्पष्ट आहे. कालवडीचे चक्र सुरू झाले आहे.

ही मापे परदेशी मोठ्या जातींची आहेत. लहान चणीच्या देशी कालवडीत जाडीपेक्षा ताठरपणा, पुटिका आणि पीतपिंड यांवरून निर्णय घ्यावा लागतो. ही तपासणी फक्त प्रशिक्षित पशुवैद्यकानेच करावी. लहान कालवडीत अननुभवी हाताने इजा होण्याची भीती असते. सोनोग्राफीची सोय असल्यास पीतपिंड अधिक खात्रीने दिसतो.

मिळालेला गुण वजनाबरोबर वाचावा, यातच खरे मर्म आहे. दोन वर्षांची कालवड १४० किलोची आहे आणि गुण १ आहे, तर ती वांझ नाही, उपाशी आहे. तिला बाजारात नेऊ नका, तिचा खुराक सुधारा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. याउलट, अडीच-तीन वर्षांची, अंगाने भरलेली, लक्ष्य वजन गाठलेली कालवड असून गुण १ च राहिला, तर मात्र जन्मजात दोषाची शंका घ्यावी. आणि गुण ५ असून मालक म्हणतो की माजच येत नाही, तर दोष कालवडीचा नाही. माज येतो आहे, तो पाहिला जात नाही.

तिसरी खूण: आई-बापाचा इतिहास

कालवडीच्या आईने पहिले वेत कोणत्या वयात दिले आणि तिच्या दोन वेतांत किती अंतर होते, हे लिहून ठेवावे. लवकर आणि नियमित विणाऱ्या गाईची कालवड ठेवण्यात फायदा असतो.

बापाकडूनही एक खूण मिळते. ज्या वळूंच्या अंडकोषाचा घेर त्यांच्या वयाच्या मानाने मोठा असतो, त्यांच्या घराण्यातील कालवडी लवकर वयात येतात, असे कोलोरॅडोतील संशोधकांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले. नर आणि मादी दोघांतही जननेंद्रियांची वाढ त्याच मेंदूतील स्रावांनी होत असल्यामुळे हा संबंध दिसतो. म्हणून गावासाठी वळू निवडताना केवळ वशिंड, रंग आणि डौल पाहू नये. एकाच वयाच्या गोऱ्ह्यांमध्ये अंडकोष लहान, असमान किंवा मऊ असलेला गोऱ्हा वळू म्हणून ठेवू नये.

नव्या चाचण्या कोठवर उपयोगी?

बीजांडकोषातील लहान पुटिकांमधून एक विशिष्ट संप्रेरक रक्तात येते. त्याला अँटी म्युलेरियन संप्रेरक म्हणतात. कालवडीच्या बीजांडकोषात पुटिकांचा साठा किती आहे, हे रक्ताच्या एकाच नमुन्यावरून समजू शकते, कारण माजचक्राच्या दिवसांप्रमाणे त्याचे प्रमाण फारसे बदलत नाही. ज्या गाईंमध्ये हा साठा फार कमी असतो, त्यांची प्रजननक्षमता कमी राहण्याचा आणि त्या कळपातून लवकर बाद होण्याचा संभव अधिक असतो, असे परदेशातील अभ्यासांत दिसून आले आहे. मात्र ही चाचणी साठा सांगते, कालवड कोणत्या महिन्यात माजावर येईल ते सांगत नाही. देशी गुरांत या संप्रेरकाचे प्रमाण विदेशी गुरांपेक्षा मुळातच जास्त असते, त्यामुळे विदेशी गुरांची प्रमाणे जशीच्या तशी लावता येत नाहीत. साध्या गोठ्यासाठी तूर्त मोजपट्टी आणि तपासणी याच अधिक उपयुक्त आहेत.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे जनुकीय निवड. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच विदर्भात वाशीम येथे देशी गाईंसाठी 'गौ चिप' आणि म्हशींसाठी 'महिष चिप' यांचे लोकार्पण झाले. वासराच्या रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून त्याचे आनुवंशिक गुण लहानपणीच अजमावता यावेत, हा त्यामागील हेतू आहे. परंतु अशी चिप आपोआप काही सांगत नाही. कोणती कालवड कधी वयात आली, कधी व्याली, याच्या हजारो खऱ्या नोंदींशी तिचे निकाल जुळवावे लागतात. म्हणजे शेवटी गाडी पुन्हा गोठ्यातील वहीपाशीच येते.

कोणती कालवड आधीच वगळावी?

गाईला जुळे होऊन एक गोऱ्हा व एक कालवड झाली असेल, तर अशी कालवड दहापैकी नऊहून अधिक वेळा वांझ असते. गर्भात दोघांचे रक्त मिसळल्यामुळे तिच्या जननेंद्रियांची वाढ खुंटते. अशी कालवड पैदाशीसाठी वाढविण्यापूर्वी तपासून घ्यावी. विकत घेताना तर ती जुळ्यातील आहे का, हे आवर्जून विचारावे.

लहानपणी दीर्घकाळ जंत, हगवण किंवा गोचीडतापाने आजारी राहिलेली कालवड मागे पडते, पण ती कायमची बाद झाली असे समजू नये. सांसर्गिक गर्भपात टाळण्यासाठी मादी वासरांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात एकदा ब्रुसेल्ला प्रतिबंधक लस टोचून घ्यावी.

रोजचे १०० ग्रॅम कोठून आणावेत?

आपल्याकडे दुभत्या गाईला ढेप मिळते आणि कालवडीच्या वाट्याला उरलेले कुटार येते. गहू, सोयाबीन, हरभऱ्याचे कुटार पोट भरते, पण त्यात प्रथिने आणि स्फुरद कमी पडतात. सहा महिन्यांपुढील कालवडीला वाळल्या चाऱ्याबरोबर उपलब्धतेप्रमाणे हिरवा चारा, रोज एक ते दीड किलो खुराक व २० ते ३० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे. खुराकात सरकी ढेप, तूर किंवा हरभरा चुनी, गव्हाचा कोंडा यांचा वापर करता येतो. हिरवा चारा नसेल तेव्हा १०० किलो गव्हाच्या कुटाराला ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात विरघळवून प्रक्रिया करावी व ढीग २१ दिवस हवाबंद झाकून ठेवावा. युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागणार नाही, याची काळजी घ्यावी आणि प्रक्रिया केलेला चारा सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरावीक काळाने जंतनाशक पाजावे.

उन्हाळ्यात नागपूर भागात चारा आणि पाणी दोन्ही आटतात आणि पावसाळ्यात व हिवाळ्यात मिळविलेले वजन उतरते. जानेवारीपासूनच उन्हाळ्याच्या चाऱ्याची तजवीज केली तर वाढ थांबत नाही. दुसरीकडे, कालवड अति लठ्ठ करणेही नुकसानीचे आहे. चरबी कासेत साठून पुढे दूध घटते. फासळ्यांवर हात फिरविला असता त्या हाताला लागाव्यात, पण दुरून मोजता येऊ नयेत, अशी अंगकाठी योग्य.

अंदाज बांधल्यावर माज पाहा

महालात किंवा शहरात राहून कुही, उमरेड, काटोलकडे शेती करणारे अनेक बांधव आठवड्यातून एक-दोनदाच गोठ्यावर जातात. माज मात्र वाट पाहत नाही. देशी कालवडीचा माज विदेशी गाईपेक्षा कमी वेळ, बरेचदा दहा तासांच्या आसपासच टिकतो आणि तो रात्री किंवा पहाटे येण्याचे प्रमाणही जास्त असते. वर्षभर रोज पहाटे कालवडीवर लक्ष ठेवणे कोणालाच जमत नाही. येथेच आधी बांधलेल्या अंदाजाचा उपयोग होतो. वजन आणि तपासणीवरून कालवड कोणत्या महिन्यात माजावर येईल हे कळले, की त्या काळात गड्याला नेमून सांगता येते की पहाटे, सायंकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी कालवडीकडे वीस मिनिटे पाहावे.

कालवड वारंवार हंबरते, चारा कमी खाते, दुसऱ्या जनावरांवर उडते, आणि दुसरे जनावर उडले असता स्थिर उभी राहते, ही माजाची लक्षणे होत. निरणातून काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा सोट लोंबतो. शेपटीला चिकटलेला सोट सकाळी पाहिला तरी रात्रीचा माज ओळखता येतो. तारीख लिहावी व १८ व्या दिवसापासून पुन्हा लक्ष ठेवावे. सकाळी माज दिसल्यास त्याच दिवशी सायंकाळी आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी पहाटे कृत्रिम रेतन करून घ्यावे. गौळाऊ कालवडीला शक्यतो गौळाऊ वळूचेच वीर्य वापरावे. मोठ्या अंगाच्या विदेशी जातीचे वीर्य वापरल्यास पहिल्या वेताला वासरू अडण्याचा धोका असतो. रेतनानंतर माज न आल्यास दोन ते तीन महिन्यांनी गर्भतपासणी करून घ्यावी.

वहीतील एक पान

प्रत्येक कालवडीसाठी वहीचे एक पान ठेवावे. त्यावर कानातील बिल्ल्याचा १२ आकडी क्रमांक, जन्मतारीख, जुळे असल्यास तशी नोंद, आईचे पहिल्या वेताचे वय, वळूचा क्रमांक, दर महिन्याचा छातीचा घेर व वजन, लसीकरण, तपासणीचा गुण, प्रत्येक माजाची तारीख आणि रेतनाची तारीख लिहावी. सहाव्या महिन्यापासून मोजमाप सुरू करावे. वाढ रोज ३०० ग्रॅमच्या खाली दिसली की त्याच महिन्यात खुराक वाढवावा, वर्ष संपण्याची वाट पाहू नये. लक्ष्य वजनाच्या जवळ येताच तपासणी करावी. ३ किंवा त्याहून अधिक गुण मिळालेल्या कालवडी भरविण्यासाठी तयार समजाव्यात. १ किंवा २ गुणाच्या कालवडींना आणखी तीन महिने द्यावेत. चांगल्या वजनावर दोनदा तपासूनही ज्या मागे राहतील, त्यांच्याबाबतच वेगळा निर्णय घ्यावा.

गौळाऊसारख्या जातीत प्रत्येक शुद्ध कालवड मोलाची आहे. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडी येथील शासकीय प्रक्षेत्रावर या जातीचे जतन होत असले, तरी जात टिकते ती शेतकऱ्यांच्या गोठ्यात. नागपुरातील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा सल्ला घेऊन आपल्या कालवडींची तपासणी करून घ्यावी. न मोजलेली, न तपासलेली कालवड 'वांझ' म्हणून विकू नये. पुढच्या पोळ्यापूर्वी एक मोजपट्टी आणावी, सहा महिन्यांवरील प्रत्येक कालवडीचा घेर घ्यावा आणि वहीच्या पहिल्या पानावर आजची तारीख घालावी.